वर्दीनंतरचा उन्हाळा

होळी झाली की आमच्या मलकापुरात कूलर खाली उतरतात. माळ्यावरून, पत्र्यावरून, न्हाणीच्या छतावरून. वर्षभर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवलेले ते पत्र्याचे डबे दोन माणसं दोरीनं खाली घेतात, अंगणात उभे करतात आणि घरातली बाई त्यांच्यावर पाण्याचा पाइप सोडते. आतून पालीची अंडी निघतात, चिमण्यांनी आणलेल्या काड्या निघतात, मागच्या वर्षीच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर निघतो. मग कोणी रंगाचा डबा आणतं. चार दिवस सगळ्या गल्लीला त्या चंदेरी रंगाचा वास येतो, आणि माझा फोन वाजायला लागतो.

"ताई, पंखा फिरून राह्यला, पण पाणी वर चढत नाही."

"ताई, हात लावला की झिणझिण्या येतात. जास्ती नाही, थोड्याशाच."

पहिल्या प्रकारच्या माणसाला मी संध्याकाळची वेळ देते. दुसऱ्याला सांगते, आधी बटण बंद करा, पिन काढा, पोरांना त्या खोलीत जाऊ देऊ नका, मी निघालेच. 'थोड्याशाच' हा शब्द ऐकला की माझ्या हातातला घास खाली राहतो.

यंदा पहिला फोन आला तेव्हा मी तुरीच्या डाळीला फोडणी देत होते. गॅस बंद केला, पिशवी उचलली आणि चप्पल घालता घालता मला तो उन्हाळा आठवला, पोलिसातली नोकरी सोडल्यानंतरचा पहिला. तेव्हा माझा फोन कोणाच्या कामासाठी वाजत नव्हता. लोकांना मला काय म्हणावं हेही कळत नव्हतं. मॅडम म्हणावं तर अंगावर वर्दी नाही, ताई म्हणावं तर जीभ वळत नाही.

नोकरी का सोडली, हे मला अजून विचारतात. लोकांना एक कारण हवं असतं. साहेबाशी भांडण झालं असेल, बदली लांब झाली असेल, काही लफडं असेल. तसं काही नव्हतं. मी शिपाई म्हणून लागले तेव्हा वीस-एकवीस वर्षांची होते आणि सुटले तेव्हा चाळिशीला टेकले होते. मधली वर्षं कुठल्या कुठल्या चौकात उभी राहून गेली. गणपती, दुर्गादेवी, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा, देऊळगाव राजाच्या बालाजीची यात्रा. लोक सणाला नवे कपडे घालून माझ्यासमोरून जायचे आणि मी दोरी धरून उभी असायची. गुडघे गेले. मुलगा शाळेच्या गॅदरिंगमध्ये काय झाला होता ते मला शेजारणीच्या मोबाइलमधून कळायचं. पण ही कारणं सगळ्याच पोलिसांना असतात, आणि सगळे काही नोकरी सोडत नाहीत.

बाई पोलिसाला आणखी एक काम असतं, ज्याबद्दल घरी बोलता येत नाही. बाईच्या प्रेताला बाई लागते. विहीर असो, विष असो, जळीत असो, पंचनाम्याच्या वेळी ठाण्यातल्या बाईला बोलावणं येतं. अंगावर खुणा आहेत का बघायचं, कूस वळवायची, पदर नीट करायचा आणि जमादार लिहीत असतो त्याला बाहेर येऊन सांगायचं. अशा मृत्यूच्या कागदाला आमच्याकडे मर्ग म्हणतात. वर्षभर मर्ग वेगवेगळ्या कारणांनी यायचे, पण चैत्र-वैशाखात एक कारण हटकून यायचं. कूलर. कूलरशी दिवसभर झटते ती घरातली बाईच. तीच पाणी भरते, तीच खाली फरशी पुसते, आणि अनवाणी असते.

रंजनाचा मर्ग असाच वैशाखातला. गावाबाहेरच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर, दारात कडुनिंब. तिचा नवरा विलास जिनिंगमध्ये मुकादम होता. मी आणि जमादार पोचलो तेव्हा दुपारचं ऊन असं होतं की गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. आत फरशी ओली होती. बादली आडवी पडली होती. रंजना भिंतीकडे तोंड करून होती, तिशीच्या आतली, हातात हिरव्या बांगड्या. उजव्या हाताच्या बोटांवर लहानसा भाजल्याचा डाग होता, फोडणी देताना तेल उडावं तेवढाच. मी तो डाग बघितला आणि बाहेर येऊन सांगितला.

अंगणात बाजेवर शेवया वाळत घातल्या होत्या. त्यांच्याजवळ रंजनाची सासू बसली होती. रडत नव्हती. जमादारांनी विचारलं, तुम्ही कुठी होत्या? ती म्हणाली, अंगणात. आवाज आला काय? नाही आला. कोणावर संशय? नाही. तिचा अंगठा मी धरून कागदावर टेकवला. अंगठ्याला शेवयांचं पीठ होतं. विलासची चार वर्षांची पोरगी शेजारणीच्या कडेवरून सगळं बघत होती.

पुढं विजेचे निरीक्षक येऊन गेले आणि त्यांचा अहवाल ठाण्यात आला. महिनाभरानं विलास त्याची नक्कल घ्यायला आला. तिथंच बाकावर बसून त्यानं ती वाचली आणि मला विचारलं, "मॅडम, 'अर्थिंगचा अभाव' म्हणजे काय?"

मी जमादारांकडे पाहिलं. जमादार म्हणाले, "म्हणजे करंट लागला, भाऊ."

"थे तं मले माहीत आहे," विलास म्हणाला. "अभाव कशाचा होता?"

ठाण्यात त्या वेळी आम्ही पाच-सहा जण होतो. कोणालाच सांगता आलं नाही. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि गेला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी तो विसरले असते, रागाची आम्हाला सवय असते.

ड्युटी संपल्यावर घरी जाताना मी इंगळे मिस्त्रींच्या दुकानाशी गाडी थांबवली. स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं मोटारी भरायचं दुकान. शेतातल्या जळलेल्या मोटारी तिथं येतात, आतली तांब्याची तार काढून नवी भरली जाते. तारचोरीच्या तपासात मी तिथं दोनदा गेलेली. वर्दी बघताच मिस्त्री हातातला पाना खाली ठेवून उभे राहिले.

"मॅडम, तांबं सगळं बिलाचं आहे. पाहून घ्या."

"तांब्याचं नाही, मिस्त्री. अर्थिंग म्हणजे काय, ते सांगा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. यात काय डाव असेल याचा अंदाज घेत असावेत. मग त्यांनी भिंतीवरच्या बोर्डाची तीन छिद्रं दाखवली. "ह्या दोहीतून करंट येते आणि जाते. हे तिसरं, मोठं, हे मातीचं. डब्ब्यात कुठी वायर सोलली, पत्र्याले लागली, तं पत्र्यात करंट उतरते. त्याले मातीत जायचं असते. तिसऱ्या वायरीनं जाऊ देलं तं जाते गुपचूप. नाही जाऊ देलं तं मंग पत्र्याले जो हात लावीन त्याच्यातून जाते."

"एवढंच?"

"एवढंच. पण लोकं तिसरी वायर वढतच नाहीत ना. म्हणतात, तिच्याबिगर पंखा फिरून राह्यला, मंग कायले पायजे?"

त्या संध्याकाळी मी घरातले सगळे बोर्ड बघितले. छिद्रं तीन होती. मागं काय होतं ते मला बघता येत नव्हतं, आणि ते बघता यावं असं मला फार वाटलं. पुढं वर्षभर ते वाटणं गेलं नाही. मी आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडचा अर्ज आणला, कपाटात ठेवला, परत काढला. दिनकर, माझे मिस्टर, झेडपीच्या शाळेत मास्तर आहेत. त्यांना सांगितलं तेव्हा ते वह्या तपासत होते.

"जमेल तुला?"

"नाही जमलं तर?"

"नाही जमलं तर घरचे पंखे तरी नीट होतील," ते म्हणाले आणि पुढची वही उघडली. त्यांचं हो म्हणणं असंच असतं.

खरी अडचण मामाजींची होती. माझे सासरे. गावाकडं चार एकर वावर आणि आयुष्यभर तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांपुढं वाकलेली मान. सून पोलिसात लागली तेव्हा ती मान ताठ झाली. गावातल्या कोणाचंही काही काम असलं की ते म्हणायचे, आमच्या सुनेले फोन लावतो. मी राजीनामा दिल्याचं कळलं तेव्हा ते एसटीनं मलकापूरला आले, बूट न काढता खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "सरकारी नोकरी कोणी सोडते काय व बाई?"

मी म्हटलं, "सोडली, मामाजी."

ते चहा न घेता परत गेले. नंतर कळलं की गावात ते सांगत होते, सून लाइट ऑफिसात लागली, पोलिसापेक्षा मोठी पोस्ट आहे. एक दिवस गावचा एक माणूस थकलेलं बिल घेऊन माझ्या दारात उभा राहिला, तेवढं माफ करून द्या म्हणून. त्याला मी पाणी दिलं आणि खरं काय ते सांगितलं. त्याला ते पटलं नाही. त्याचा समज झाला की मोठी पोस्ट मिळाल्यामुळं माझं डोकं फिरलंय.

आयटीआयमध्ये माझ्या वर्गातली पोरं माझ्या मुलाएवढी होती. पहिले काही दिवस मी वर्गात शिरले की ती उठून उभी राहायची. निदेशक सर माझ्यापेक्षा लहान. त्यांनी फळ्यावर सूत्र लिहिलं की मला परेडच्या मैदानात पहिल्यांदा उभी राहिले होते तेव्हासारखं व्हायचं, डावं कोणतं उजवं कोणतं. पण हात शिकत गेला. हाताला वय कळत नाही बहुतेक. वायर सोलताना आतलं तांबं न कापता वरचं प्लास्टिक कसं काढायचं, ते पकडीला नाही, मनगटाला समजावं लागतं. एकदा समजलं की मग ते जात नाही.

आणि मग तो उन्हाळा आला. चैत्रात मी इंगळे मिस्त्रींना म्हटलं, मोसमाचं काम आहे, मला घ्या. ते म्हणाले, "मॅडम, तुम्हाले काम कसं सांगू म्या? मले तुमचं भेव वाटते." तरी त्यांनी घेतलं. कूलरच्या दिवसांत माणूस मिळत नाही.

त्या दुकानाचा वास मला आजही नाकात धरून ठेवता येतो. जळालेल्या वार्निशचा, गरम राळेचा, आणि नव्या ताट्यांच्या लाकडी भुश्शाचा. कूलरच्या तीन बाजूंना ज्या ताट्या बसवतात, त्यांवर पहिल्यांदा पाणी सोडलं की ओल्या लाकडाचा जो वास सुटतो, तो आमच्याकडचा उन्हाळ्याचा खरा वास. मोगरा वगैरे नंतर. दुपारी रस्ता ओस पडायचा. जिनिंगचा हंगाम संपलेला, तरी हवेत कापसाचे बारीक तंतू असायचे आणि घामानं दंडाला चिकटायचे. स्टेशनातून भुसावळकडच्या गाडीची घोषणा ऐकू यायची. मिस्त्री डोक्याला ओला पंचा गुंडाळून तार भरायचे आणि बोलत राहायचे. बोलण्याचा त्यांना फार सोस. देशातलं कुठलंही संकट नीट अर्थिंग न केल्यामुळं आलं, असं त्यांचं ठाम मत होतं.

माझी बोलायची पद्धत त्यांनीच सुधारली. गिऱ्हाईक आलं की मी विचारायची, "कधी बंद पडला? त्या वेळी घरात कोण कोण होतं? शेवटचा हात कोणी लावला?" एक म्हातारा मास्तर तर घाबरून "मी नाही लावला" म्हणाला. तो गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "मॅडम, थो आरोपी नाही. गिऱ्हाईक आहे. त्याले बसा म्हणत जा आधी."

चार माणसं कुठं जमली की माझे पाय तिकडं वळायचे, पांगवायला. डोक्यावर टोपी नसताना हात टोपी सारखी करायला जायचा. शॉकही बसला त्या दिवसांत, एकदा, माझ्याच घाईनं. कोपरापर्यंत कोणीतरी आतून हातोडा मारावा तसा. मी भिंतीला टेकून बसले आणि माझ्यापुढं रंजनाच्या बोटावरचा डाग उभा राहिला. मिस्त्रींनी गूळ-पाणी दिलं. काही बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत म्हणून मला कळलं की आपण थोडक्यात वाचलो.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या आठवड्यातच उमगली. दुपारी पुरुष कामावर असतात आणि कूलर बंद पडतो तो दुपारीच. अनोळखी मिस्त्रीला घरात घ्यायला बाया कचरतात. मी दार वाजवलं की दार पूर्ण उघडायचं. पोलीस असतानाही माझ्यासाठी दारं उघडायची, पण अर्धीच, आणि दाराआड कोणीतरी श्वास धरून उभं असायचं. आता बाया म्हणायच्या, या ताई, आधी पन्हं घ्या. मी स्टुलावर चढले की खालून बॅटरी धरायच्या. स्वयंपाकघरातल्या, जावांच्या, माहेरच्या गोष्टी सांगायच्या. चौकशीत जे तासभर विचारून निघालं नसतं, ते स्टुलाखाली उभ्या राहून सांगायच्या. मी ऐकायची आणि कुठंही लिहायची नाही.

आणि संध्याकाळपर्यंत काम संपलेलं असायचं. हे सुख मला नवीन होतं. पोलिसात काहीच संपत नाही, तारीख पडते, पुढं जाते, साक्षीला बोलावतात तोवर माणसं आपलं बोलणं विसरलेली असतात. इथं सकाळी बंद होतं ते दुपारी फिरायला लागायचं. वारा अंगावर यायचा. मी दुरुस्त केलं याची खूण म्हणजे समोरच्या बाईच्या कपाळावरचे उडणारे केस.

वैशाखात विलास दुकानात आला. मी आतल्या बाजूला पंप उघडून बसले होते. त्यानं मला पाहिलं नाही.

"इंगळेभाऊ, पोरीच्या आंगावर घामोळ्या उठल्या, गळवं झाली. डॉक्टर म्हणते, थंड्यात ठेवा. नवा कूलर आणून ठेवला, प्लास्टिकचा. आठ दिवस झाले, माय खोक्यातून काढू देत नाही. म्हणते, त्या डब्ब्यानं माही सून खाल्ली."

मिस्त्रींनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या येतील. बाईमाणसाले बाईनंच समजावलेलं बरं."

विलास वळला. मला ओळखायला त्याला क्षणभर लागला. मी उभी राहिले, हात पुसले. वाटलं होतं, हा नको म्हणेल. तो म्हणाला, "तुम्ही इथी?"

"शिकून राह्यली," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. कडुनिंबाखाली त्याची बारीक पांढरी फुलं पडली होती. उंबऱ्याशी विलासची माय बसली होती. दोन उन्हाळ्यांत ती खूपच वाळली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं.

"तू थेच ना व? पोलिसवाली?"

"हाव, आजी. आता नाही."

"काढून टाकलं?"

"नाही. म्याच सोडली."

"काऊन?"

"हे शिकायले."

तिला ते पटलं की नाही कळलं नाही. म्हणाली, "शिक. पण डब्बा माह्या घरात लावायचा नाही."

मी वाद घातला नाही. सरळ आत जाऊन मेन बंद केली आणि बोर्ड उघडला. तीन छिद्रं समोर होती. मागं वायरी दोनच होत्या. तिसऱ्या छिद्रामागं काहीच नव्हतं, एक कोळ्याचं जाळं तेवढं. मी विलासला विचारलं, जुना कूलर कुठं आहे? तो म्हणाला, मागं, कडब्यामागं पडला. तपास झाल्यावर परत आणला, तेव्हापासून त्याला कोणी हात लावला नाही. भंगारवाल्यानंही नेला नाही, त्याला कोणीतरी सांगितलं होतं.

आम्ही तो ओढून उजेडात आणला. तळाला गंज लागून जाळी झाली होती. मी पंपाची वायर धरली आणि बोटानं चाचपत वर गेले. ताटीची चौकट जिथं पत्र्याला टेकते, त्या खाचेत वायर दाबली गेली होती. बाहेरून दिसत नव्हती. चौकट उचलली तेव्हा दिसलं, पत्र्याच्या धारेनं वरचं प्लास्टिक कापलं होतं आणि तांबं पत्र्याला टेकलेलं होतं. तिळाएवढी जागा. कूलर थरथरतो, प्रत्येक थरथरीबरोबर धार थोडी आत जाते. हे काम काही एका दिवसाचं नव्हतं, दोन-तीन उन्हाळे ते चाललेलं असणार.

आजी केव्हा उठून आली ते मला कळलं नव्हतं. कडब्याशी उभी होती. मी म्हटलं, "आजी, इकडं या. भिऊ नका, याच्यात काही नाही आता."

ती आली, वाकली. मी तिला ती जागा दाखवली.

"हे एवढंसं?"

"एवढंच."

ती खाली बसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पाणी टाक म्हणून म्याच सांगितलं होतं. ती पोळ्या लाटून राह्यली होती. म्हणे, दोन पोळ्या राह्यल्या, मंग टाकतो. म्या म्हटलं, आत्ताच टाक, पोरगी घामेजली. ती लाटणं ठेवून उठली."

विलास जागच्या जागी उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तोही हे पहिल्यांदाच ऐकतोय.

जबाबावर तिचा अंगठा मीच घेतला होता. त्या जबाबात हे नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्याला तिथं जागा नव्हती.

मी म्हटलं, "आजी, नीट ऐका. पाणी टाकल्यानं हे झालं नाही. वायर कटलेली होती, आणि बोर्डात मातीची वायर नव्हती. त्या दिवशी पत्र्याले जो पहिला हात लावीन, त्याले लागणार होतं. तुम्ही उठल्या असत्या तर तुम्ही. विलासभाऊ असते तर ते. पोरीनं खेळता खेळता हात लावला असता तरी. दोन पोळ्या झाल्यावर ती उठली असती, तरी लागलंच असतं."

"माह्या सांगण्यानं नाही मेली?"

"नाही. या वायरीनं मेली."

तिनं वायरीची ती जागा एकदा बोटानं चाचपली. मग डोळे बारीक करून मला म्हणाली, "मंग त्या दिवशी काऊन नाही सांगितलं?"

"त्या दिवशी मले माहीत नव्हतं, आजी."

तिनं मान हलवली. तेवढ्यावर तिनं मला सोडलं, असं मला वाटलं. नंतर ती रडली. मोठ्यानं नाही. पदर तोंडाशी धरून, कडब्याला टेकून. विलास तिच्याजवळ जाऊन बसला. मी माझी पिशवी घेऊन पुढच्या अंगणात आले आणि खड्डा कुठं खणायचा ते बघायला लागले.

खणायला विलासनं शेजारच्या एकाला बोलावलं. पहारीनं चांगला खोल खड्डा घेतला. त्यात लोखंडी पाइप उभा केला, भोवती थर दिले, मीठ, कोळसा, माती, पुन्हा मीठ. पाइपपासून तांब्याची वायर घरात घेतली, बोर्डाच्या तिसऱ्या छिद्रापर्यंत. मेनजवळ एक असा स्विच बसवला, जो करंट भलत्या वाटेनं जायला लागताच आपोआप पडतो. मिस्त्री दुपारी येऊन सगळं तपासून गेले. त्यांनी काही चूक काढली नाही. म्हणजे काढली एक, की स्क्रू दुसऱ्याच डब्यात ठेवले.

नवा कूलर खोक्यातून निघाला. प्लास्टिकचा असला तरी आतली मोटर लोखंडीच असते, म्हणून तिसरी वायर तिथंही जोडली. आजी दाराच्या चौकटीत उभी होती, पोरीचा दंड घट्ट धरून. मी बटण दाबलं. पाणी चढलं, ताट्या काळ्या पडल्या, ओल्या लाकडाचा वास आला. मी हात पाण्यात बुडवला, फरशीवर अनवाणी उभी राहिले आणि हाताची मागची बाजू मोटरीच्या अंगाला लावली. तळहात लावायचा नसतो, तो चिकटून राहू शकतो.

काही झालं नाही. आजीनं पोरीचा हात सोडला.

पोरगी धावत येऊन कूलरसमोर उभी राहिली आणि फ्रॉक फुगवून वारा आत घ्यायला लागली. तिच्या मानेवर लाल गळवं होती. आजी अजूनही बाहेरच.

सामान आवरताना मी विलासला सांगितलं, "खड्ड्याची माती ओली राह्यली पाहिजे. उन्हाळाभर रोज बादलीभर पाणी टाकत जा पाइपाशी. कोरडी पडली तर काही उपयोग नाही."

"मी टाकत जाईन," विलास म्हणाला.

"तू राहू दे," आजी म्हणाली. "तुले ड्युटी असते."

ती रांजणाकडं गेली, बादली भरली. भरलेली बादली तिला नीट उचलत नव्हती, पण विलास पुढं झाला तेव्हा तिनं त्याला कोपरानं बाजूला सारलं. खड्ड्याशी येऊन ती थांबली.

"किती टाकू व?"

"सगळी टाका, आजी."

तिनं ती सावकाश ओतली. माती फसफसली, बुडबुडे आले, पाणी खाली गेलं. ती दुसरी बादली आणायला निघाली. मी तिला थांबवलं नाही.

त्या वस्तीत मला अजूनही कामं असतात. घरासमोरून जाताना गाडी थोडी हळू होते. वैशाखात सगळ्या वस्तीची जमीन भेगाळलेली असते, आणि त्या एका भिंतीशी हातभर माती काळी, ओली दिसते. तिच्या कडेला आता कोथिंबीर उगवली आहे.